माहितीचे दप्तर व कंपन्यांची जबाबदारी

शेतकऱ्याविषयीची माहिती पूर्वी फार थोड्या ठिकाणी लिहिलेली असे. चावडीतील दप्तर, सोसायटीची खतावणी आणि सावकाराची वही, एवढ्यात सर्व आटोपे. ह्या तिहींपैकी एकही दप्तर दुसऱ्याशी सहज जुळविता येत नसे. जुळवावयाचे झाल्यास कोणीतरी प्रत्यक्ष बसून दोन चोपड्यांची पाने उलटावी लागत, आणि असा उद्योग करणारा मनुष्य गावात लपून राहात नसे. सांप्रतची स्थिती अगदी निराळी आहे. बियाणे विकणारी कंपनी, पीकविमा उतरविणारी कंपनी, ट्रॅक्टरास कर्ज देणारी संस्था, ठिबकचा विक्रेता, बाजारभाव कळविणारे मोबाइलवरील ॲप, हे सर्वजण आपले नाव, गट क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचे खाते व फोन क्रमांक मागून घेतात. ही सर्व माहिती यंत्रात साठविली जाते, आणि यंत्रातील दोन याद्या जुळविण्यास क्षणाचाही वेळ लागत नाही.

आपल्या पनवेल तालुक्यात ह्या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हापासून ह्या भागातील जमिनीचे मोल चढत गेले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर तर दलालांची वर्दळ काय वर्णावी! अशा ठिकाणी खातेदाराचे नाव, त्याचा गट क्रमांक आणि त्याचा फोन क्रमांक ही तीन एका ओळीत असलेली यादी म्हणजे एक किमती वस्तू होय. त्यांतील प्रत्येक गोष्ट सुटी असता निरुपद्रवी असते. सात-बारा तर कोणासही पाहता येतो. परंतु सात-बाराच्या शेजारी आधार क्रमांक, सहीचा नमुना व कर्जाची थकबाकी येऊन बसली, म्हणजे खोटे कुलमुखत्यारपत्र तयार करणाराचे निम्मे काम झालेच. अडचणीत असलेल्या खातेदारास नेमका हेरून त्याची जमीन पडत्या भावाने मागणाऱ्यासही अशीच यादी हवी असते.

म्हणून कंपन्यांनी लोकांची माहिती कशी सांभाळावी, ह्याविषयीचा नवा कायदा व तो पाळण्याची रीत शेतकऱ्याने समजून घेणे अवश्य आहे. ह्या रीतीस इंग्रजी शिकलेले लोक डेटा गव्हर्नन्स म्हणतात. शब्द मोठा असला तरी वस्तू आपणांस अपरिचित नाही. कंपनीपाशी कोणाची कोणती माहिती आहे, ती कोठून आली, कशासाठी घेतली, कोठे ठेविली, कोण पाहू शकतो, बाहेर कोणास दिली आणि केव्हा नष्ट करावयाची, ह्याविषयी लिखित नियम करणे, प्रत्येक कामास जबाबदार मनुष्य नेमणे आणि नियम पाळले जातात की नाही हे वेळोवेळी तपासणे, एवढाच त्याचा अर्थ. थोडक्यात, ही दप्तराची शिस्त होय.

महसूल खात्यात ज्याने कारकुनी केली आहे त्यास ही शिस्त निराळी शिकविण्याचे कारण नाही. गावचे हिशेब एकवीस नमुन्यांत विभागलेले आहेत व प्रत्येक नमुन्याचा हेतू ठरलेला आहे. वारसाची नोंद वारसाच्या नोंदवहीत, फेरफार फेरफाराच्या नोंदवहीत. फेरफार धरल्यावर हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते, हरकतीस मुदत असते, आणि मंजुरी देणारा अधिकारी नोंद घेणाराहून निराळा असतो. जुन्या कागदांचेही वर्ग आहेत. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून थोडी मुदत, आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभर ठेवून नष्ट करावयाचे. ही पद्धत नेहमी काटेकोर पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही. तरी नियम लिहिलेला असल्यामुळे कोठे चुकले व कोणाकडून चुकले हे शोधता येते. ज्या कंपनीपाशी एवढेही नाही, ती कितीही श्रीमंत असली तरी तिचे दप्तर म्हणजे उकिरडाच समजावा.

आता कायद्याकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने असा निर्णय दिला की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे २०२३ च्या ऑगस्टात, संसदेने ‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम’ संमत केला. त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. सर्व कलमे एकदम अमलात आणिलेली नाहीत. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाविषयीची कलमे लागलीच लागू केली, आणि कंपन्यांवर मुख्य बंधने घालणारी कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, लागू करावयाचे त्या वेळी ठरविले. कंपन्यांस दप्तर नीट लावण्यास ही सवड दिली आहे.

ह्या कायद्यात ज्याची माहिती तो मूळ धनी, आणि जो ती माहिती घेऊन वापरतो तो विश्वस्त, अशी योजना आहे. विश्वस्त हा शब्द ध्यानात धरण्यासारखा आहे. देवस्थानाच्या विश्वस्तास देवाची जमीन स्वतःच्या नावे करून घेता येत नाही, तसेच हे आहे.

विश्वस्ताने माहिती घेण्यापूर्वी कोणती माहिती व कोणत्या कामासाठी हवी हे स्पष्ट भाषेत कळविले पाहिजे. ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची मुभा धन्यास असली पाहिजे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामापुरती व समजून दिलेली असावी लागते. कामास जी माहिती लागत नाही ती मागून सही घेतली, तर त्या जादा माहितीपुरती संमती निरर्थक ठरते. कायद्यातच ह्याचे उदाहरण आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने रोग्याच्या फोनमधील सर्व ओळखीच्यांचे क्रमांक मागितले व त्याने हो म्हटले, तरी सल्ल्यास ते क्रमांक लागत नसल्याने ती संमती तेवढ्यापुरती लागू नाही. हेच खताच्या दुकानास लावून पाहावे. खताची पावती करण्यास खातेदाराच्या मुलीची जन्मतारीख कशास हवी?

संमती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे. आपली कोणती माहिती ठेविली आहे व ती आणखी कोणाकोणास दिली, हे विचारण्याचा धन्यास हक्क आहे. चुकलेली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व काम संपल्यावर ती पुसून टाकविण्याचाही आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची झाल्यास आईबापांची पडताळता येण्यासारखी संमती लागते.

येथेच दप्तराच्या शिस्तीचे खरे महत्त्व दिसून येते. कायद्याने हक्क दिला, कंपनीच्या चालकांनीही तो मान्य केला, तरी ज्या कंपनीस आपल्यापाशी काय आहे हेच ठाऊक नाही ती तो हक्क पुरवील कशी? समजा, एका खातेदाराने विमा कंपनीस लिहिले की, माझी संमती मी काढून घेतली, माझा फोन क्रमांक पुसून टाका. कंपनीच्या मुख्य कचेरीतील यादीतून क्रमांक पुसला. पण तीच यादी पनवेलच्या प्रतिनिधीच्या संगणकात आहे, फोन करणाऱ्या ठेकेदाराकडे आहे, आणि गेल्या वर्षी मेळावा भरविला त्या वेळी काढलेल्या एका प्रतीत आहे. मग फोन येतच राहणार. कंपनीची नियत वाईट असते असेही नव्हे. प्रती किती व कोठे आहेत ह्याची नोंद कोणी ठेविली नाही, हेच कारण होय. म्हणून जाणते लोक पहिले काम सांगतात ते यादी करण्याचे. प्रत्येक प्रकारच्या माहितीस एक ओळ, आणि त्या ओळीत हेतू, ठिकाण, जबाबदार मनुष्य, दिल्याघेतल्याचा तपशील व नष्ट करण्याची मुदत. ही यादी झाली म्हणजे पुढील निम्मी कामे तिच्यातूनच निघतात.

दुसरी बाब पुराव्याची. संमती खरोखर घेतली होती की नाही असा वाद निघाल्यास ती घेतल्याचे सिद्ध करण्याचा बोजा कायद्याने कंपनीवर टाकला आहे, शेतकऱ्यावर नव्हे. तेव्हा कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत सूचना देऊन, कोणत्या कामासाठी संमती घेतली ह्याची नोंद कंपनीस जपून ठेवावीच लागेल.

तिसरी, माहिती फुटण्याची. फुटल्याचे कळताच ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकास व मंडळास विनाविलंब कळवावे, आणि मंडळास बहात्तर तासांत सविस्तर अहवाल द्यावा, असा नियम आहे. कोणाची माहिती गेली हे बहात्तर तासांत सांगण्यास कोण केव्हा दप्तर उघडून गेला ह्याची आवक-जावक आधीपासून लिहिलेली असली पाहिजे. चोरी झाल्यावर वही घालून उपयोग नाही. म्हणून अशा नोंदी निदान एक वर्ष ठेवण्यास नियमांनी सांगितले आहे. वाजवी सुरक्षितता न ठेविल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत, आणि फुटल्याची बातमी न दिल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसऱ्याचे दप्तर ताब्यात घेताना ह्या शिस्तीची कसोटी लागते. गावचा तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बदलून गेला म्हणजे नवा येणारा चार्ज यादीवरून एकेक नोंदवही मोजून घेतो. न मोजता सही केली तर जुन्याची उणीव नव्याच्या माथी बसते. मॅरियट नावाच्या अमेरिकन हॉटेल कंपनीचे असेच झाले. तिने २०१६ साली स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी विकत घेतली. स्टारवुडच्या यंत्रांत चोर २०१४ सालीच शिरलेले होते व ते २०१८ च्या सप्टेंबरापर्यंत कोणाच्या लक्षात आले नाहीत. जगभरच्या सुमारे चौतीस कोटी पाहुण्यांच्या नोंदी त्यात उघड्या पडल्या. त्यांत पासपोर्टाचे लाखो क्रमांक सांकेतिक लिपीत न घालता जसेच्या तसे लिहून ठेविलेले होते. इंग्लंडच्या माहिती आयुक्तांनी २०२० साली मॅरियटला एक कोटी चौऱ्यायशी लाख पौंड दंड केला. चोर शिरले ते दुसऱ्याच्या घरात, परंतु दंड भरला तो घर घेणाराने. आणि एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाहुणा निघून गेल्यावर त्याचा पासपोर्ट क्रमांक वर्षानुवर्षे ठेवण्याचे कारणच काय? जी वस्तू ठेविली नाही ती चोरीस जात नाही. ‘ड’ वर्गाचे कागद वेळेवर नष्ट करणाऱ्या जुन्या कारकुनास हे तत्त्व ठाऊक होते. आजच्या कंपन्यांस मात्र साठवण स्वस्त झाल्यामुळे काहीच टाकवत नाही.

आपल्या देशातील उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. पीएम-किसान योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेरच्या माणसास पाहता येत होते, असे २०२२ साली एका संशोधकाने उघडकीस आणिले. पुढे ती फट बुजविण्यात आली. सरकारी असो वा खासगी, दप्तराची दारे किती व प्रत्येकाची किल्ली कोणापाशी, हे लिहिलेले नसले म्हणजे असे प्रकार घडावयाचेच.

पुष्कळांचा असा समज आहे की, मोठी इमारत, पहारा व वातानुकूलन असले म्हणजे माहिती सुरक्षित झाली. पनवेलजवळच २०२० साली योट्टा कंपनीचे प्रचंड विदागार सुरू झाले, हे वाचकांपैकी पुष्कळांस माहीत असेल. अशा विदागारात अनेक कंपन्यांची यंत्रे व माहिती भाड्याच्या जागेत राहते. वखारीच्या मालकाने कुलूप, वीज व पहारा पाहावयाचा. पोत्यात काय भरले आहे, ते किती दिवस ठेवावयाचे व कोणास द्यावयाचे, हे माल ठेवणारानेच ठरविले पाहिजे. नवा कायदाही हेच धोरण धरतो. काम ठेकेदाराकडे दिले, कराराने त्याच्यावर कितीही अटी घातल्या, तरी धन्यापुढे जबाबदार मूळ विश्वस्तच. ‘ते आमच्या एजन्सीने केले’ हे उत्तर चालावयाचे नाही. ठेकेदारास माहिती द्यावयाची तर लेखी करार करूनच दिली पाहिजे.

कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर वाचकांची भलती समजूत होईल. कायद्याने जी माहिती सर्वांस खुली करणे भाग आहे, तिला हा कायदा लागू नाही. सात-बारा व आठ-अ लोकांनी पाहिले अशी तक्रार घेऊन मंडळाकडे जाण्यात अर्थ नाही. निव्वळ कागदावर राहिलेली माहितीही ह्या कायद्याच्या बाहेर आहे. दलालाने वहीत नाव टिपले तोवर हा कायदा मुका, तीच वही त्याने संगणकात चढविली म्हणजे बोलका. सरकारास अनुदान व सवलती देण्यासाठी बऱ्याच बाबतींत संमतीवाचून माहिती वापरता येते. २०२४ च्या अखेरीपासून आपल्या राज्यात ॲग्रिस्टॅक योजनेखाली शेतकरी ओळख क्रमांक देऊ लागले व २०२५ च्या एप्रिलपासून कृषि खात्याच्या योजनांस तो आवश्यक केला. तेथे ‘संमती देत नाही’ म्हणून अनुदान मिळण्याची आशा धरू नये. सरकारास एवढी मोकळीक असणे मला व्यक्तिशः फारसे रुचत नाही, कारण सर्वांत मोठे दप्तर त्याचेच आहे.

आणखी एक उणीव आहे. दंडाची सर्व रक्कम भारत सरकारच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती ह्या कायद्याने एक पैही पडत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात नुकसानभरपाईची तरतूद होती. नवा कायदा पुरता अमलात येताच ते कलम रद्द व्हावयाचे आहे. गाईने शेत खाल्ले, कोंडवाड्याचे पैसे सरकारात गेले, आणि शेतकरी उभ्या पिकाला मुकला, अशातलाच हा न्याय झाला.

येथवर कंपन्यांविषयी लिहिले. पण कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त म्हणजे केवळ मोठी कंपनी नव्हे. सहकारी संस्था, भागीदारी पेढी, लोकांचा संघ, हे सर्व त्यात येतात. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातील त्रेसष्ट हजार प्राथमिक कृषि पतसंस्थांचे संगणकीकरण करण्याची योजना मंजूर केली. आपल्या विविध कार्यकारी सोसायट्यांची खतावणी यंत्रात जाऊ लागली म्हणजे सभासदांचे कर्ज, थकबाकी, जामीनदार व वारस ही सर्व माहितीही यंत्रात गेली. अशी संस्था ह्या कायद्याखाली विश्वस्त होते. एखाद्या मासिकाच्या वर्गणीदारांची यादी संगणकात असली तर त्या मासिकाच्या चालकांसही हेच लागू पडते, हे ह्या मासिकाच्या चालकांस मी अदबीने सुचवितो.

‘आमची संस्था लहान, आमच्या वाटेस कोण जातो’, हे बोलणे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पुण्याची कॉसमॉस बँक ही सहकारी बँकच होती. २०१८ च्या ऑगस्टात चोरांनी तिच्या यंत्रव्यवस्थेत शिरून सुमारे चौऱ्याण्णव कोटी रुपये देशोदेशींच्या ठिकाणांहून काढून नेले. ती तरी मोठी बँक. सोसायटीच्या कचेरीत तर एकाच संगणकाचा संकेतशब्द सचिव, लेखनिक व लेखनिकाचा भाचा ह्या तिघांसही ठाऊक असतो, आणि तो भिंतीवर चिकटविलेलाही असतो!

अशा संस्थेने काय करावे? मोठा खर्च करण्याचे कारण नाही. एक कोरी वही घेऊन सभासदांची कोणकोणती माहिती आपण घेतो हे प्रथम लिहून काढावे. पुढे कारण लिहावे. ज्या माहितीपुढे कारण लिहिता येत नाही ती घेणे बंद करावे. प्रत्येक नोकरास त्याचा निराळा संकेतशब्द द्यावा, म्हणजे कोणी काय पाहिले हे मागाहून समजेल. आधारच्या छायाप्रती टेबलावर ढिगाने पडू देऊ नयेत. सभासदांच्या नावांची व फोन क्रमांकांची यादी खतविक्रेत्यास किंवा निवडणुकीच्या उमेदवारास देण्याची जी चाल पडली आहे, ती तर तत्काळ मोडावी. कर्ज देण्यासाठी घेतलेला क्रमांक मतांसाठी वापरणे हे कामापलीकडचे आहे. तक्रार कोणाकडे करावी हे कचेरीच्या दारावर नावानिशी लिहावे. आणि वर्षातून एकदा, लेखापरीक्षणाच्या सुमारास, संचालक मंडळाने ही वही वाचावी. सर्व सोसायट्या आपण होऊन हे करतील अशी माझी समजूत नाही, पण सभासदांनी वार्षिक सभेत विचारावयास सुरुवात केली म्हणजे करावे लागेल.

खातेदाराने स्वतः काय करावे तेही थोडक्यात सांगतो. आधारची प्रत देताना ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली हे प्रतीवरच आडवे लिहावे. कोऱ्या अर्जावर सही वा अंगठा करू नये. कंपनीकडून त्रास झाल्यास प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्यास लेखी कळवावे. तक्रारीचे निवारण नव्वद दिवसांच्या आत करावे असा नियम आहे. न झाल्यास मंडळाकडे जाता येते, आणि मंडळाचे कामकाज संगणकावरूनच चालावयाचे असल्यामुळे दिल्लीस खेटे घालावे लागणार नाहीत. मात्र खोटी तक्रार करू नये, त्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

शेवटची बाब वारसाची. आपल्या पश्चात, किंवा आपण अंथरुणास खिळून बोलण्यासमजण्यास असमर्थ झाल्यास, आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजवावे ह्यासाठी मनुष्य नेमून ठेवण्याची तरतूद ह्या कायद्यात आहे. बँकेतील नामनिर्देशन आपण करतो तसेच हे. मृत खातेदाराच्या नावावर मागाहून कर्ज काढल्याचे किंवा त्याच्या आधारावर शिमकार्ड घेतल्याचे उघडकीस आले, म्हणजे त्याची विधवा कचेरीत गेल्यावर ‘तुमचा संबंध काय’ असे तिला विचारतात. मुख्य कलमे लागू झाली म्हणजे ज्या कंपन्यांपाशी व संस्थांपाशी आपली माहिती आहे त्यांच्याकडे हे नाव लेखी देऊन पोच घ्यावी, आणि ती पोच जमिनीच्या कागदांबरोबर एकाच पेटीत ठेवावी.